चार बोटं शेपटी

वैशाख लागला की मला टाल्कम पावडरचा वास येऊ लागतो. घरात आता कुणी पावडर लावत नाही, तरी येतो. पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवत असतो, खिडकीचे गज हाताला चटका देतात आणि माझी बोटं आपोआप ओढणीला पुसली जातात. मुलुंडचा उन्हाळा चिवट. डोंगर दिवसभर तापतो आणि संध्याकाळभर ते तापणं आपल्या अंगावर सोडत बसतो. अशा हवेत पांढऱ्या दोऱ्याने क्रोशा विणायला बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे. घामेजल्या बोटांत सुई कुरकुरते, अडकते, आणि दोरा बघता बघता मळतो. म्हणून दर थोड्या वेळाने उठायचं, हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, बोटांना पावडर चोळायची आणि पुन्हा बसायचं. मी अठरा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात पावडरचे तीन डबे संपवले. त्यातली चिमूटभरही चेहऱ्याला लागली नाही.

यंदा वासाबरोबर एक पिशवीही आली. माझी मोठी बहीण शुभाताई ठाण्याला असते. ठाणं आणि मुलुंड यांच्यामध्ये एक स्टेशनसुद्धा नाही, पण ताईचे गुडघे हल्ली जिन्यांशी बोलत नाहीत, त्यामुळे तिने चक्क कुरियर केलं. आत तिच्या लग्नातला टेबलक्लॉथ होता आणि वहीच्या कागदावर दोन ओळी: "नंदे, इतक्या वर्षांनी एक शेपटी वर आलीय. तुझीच असणार. लपवून दे."

शेपटी म्हणजे दोऱ्याचं सुटं टोक. हा आमच्या आईचा शब्द. एक गुंडा संपला की दुसरा जोडावा लागतो, आणि जोडला की दोन टोकं उरतात, संपलेल्याचं एक आणि नव्याचं एक. ती कुठेतरी जिरवावी लागतात. विणायला चार दिवसांत कुणीही शिकतं. शेपट्या जिरवायला माणसं आयुष्यभर कंटाळतात.

मी टेबलक्लॉथ पलंगावर अंथरला, अर्थात उलटा. कुठलंही विणकाम हातात आलं की मी आधी उलटं करते. बायका मला आपली कामं कौतुकाने दाखवायला आणतात आणि मी ती फटकन पालथी घालते, त्याचा काहींना रागही येतो. येऊ दे. माझ्या घरातली कुठलीही वस्तू तुम्हीही उलटून बघा. सुलट कुठली आणि उलट कुठली ते ओळखताना तुम्हाला क्षणभर थांबावं लागेल. ही शेखी आहे असं वाटत असेल तर आहेच ती. चाळीस वर्षं मेहनत करून कमावलेली आहे.

वर आलेली शेपटी मला लगेच दिसली. पण तिच्याकडे शेवटी येते.

आमची बिल्डिंग तीन मजली होती. प्रत्येक मजल्यावर सहा घरं आणि पुढून सगळ्यांना मिळून एक लांबलचक गॅलरी. टीव्हीत तेव्हा रंग आलेले होते, आमच्या टीव्हीत मात्र नव्हते. त्याच्यावर आईने विणलेलं कव्हर होतं, रेडिओवर होतं, पाण्याच्या माठाच्या झाकणावर होतं. बाबा भांडुपच्या कारखान्यात कामाला होते. ते म्हणायचे, "एका जागी फार वेळ बसायची भीती वाटते मला या घरात. तुमची आई माझ्यावरही घालेल एखादं." आई मालवणकडची. एरवी ती चारचौघींसारखं मुंबईचं मराठी बोलायची, पण रागावली किंवा हरखली की सरळ मालवणीत शिरायची. त्यामुळे तिचा मूड ओळखायला तिच्या तोंडाकडे बघावं लागत नसे.

या घरात मी म्हणजे चेष्टेचा विषय. टायपिंगचा क्लास अर्ध्यात सोडला, भरतकामाचा रुमाल एका कोपऱ्यावर थांबला, आणि बाबांसाठी घेतलेल्या स्वेटरला एकच बाही झाली. माझं कुठलंही काम निघालं की ताई म्हणायची, "म्हणजे एका बाहीचा स्वेटर." मला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. मला सुरुवाती आवडायच्या.

ताईचा साखरपुडा फाल्गुनात झाला. घरातच, पुढच्या खोलीत. मुलाकडच्यांपुढे न्यायच्या ताटांवर क्रोशाचे रुमाल झाकायचे होते. आईने चार केले आणि पाचवा माझ्याकडे दिला. मी तो ऐन सकाळी पुरा केला. दोरा संपला तिथे नवा दोरा गाठ मारून जोडला, टोकं कात्रीने अगदी मुळाशी कापली आणि रुमाल ताटावर टाकला. लांबून झकास दिसत होता.

मुलाकडून त्याची आत्या आली होती. ठाण्याच्या शाळेत मुलींना शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेली बाई, आमच्याकडे तिचं नाव आत्याबाईच पडलं. साखरेचा पुडा देऊन झाला, पेढे फिरले, आणि आत्याबाईंनी चष्मा चढवून ताटांवरचे रुमाल एकेक करून उलटायला सुरुवात केली. त्यात खवचटपणा नव्हता हे मला आज कळतं. मीही आज तेच करते. पाचवा रुमाल त्यांच्या हातात आला तेव्हा गाठ सुटली होती आणि अर्ध्या इंचाचं टोक वर उभं राहिलं होतं. त्यांनी ते नखाने अलगद ओढलं. दोन खांब उसवले. क्रोशात उभ्या टाक्याला खांब म्हणतात, आणि एक गेला की शेजारचा तयारच असतो.

"हा जरा घाईत झालेला दिसतोय," त्या म्हणाल्या.

खोलीत वीस माणसं होती. ताईने मान खाली घातली. मी दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हो," आई म्हणाली, "माझ्याच हातून राहिलं ते."

एवढंच. आत्याबाई सौम्य हसल्या, कुणीतरी दुसरा विषय काढला, चहा आला. पण ज्या बाईच्या रुमालांसाठी मुलुंडच्या निम्म्या बायका नमुने मागायला यायच्या, तिच्या नावावर माझी शेपटी लागली होती, आणि तीही लेकीच्या सासरच्या माणसांपुढे. मी संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन सॉरी म्हटलं. आई भांडी पुसत होती. म्हणाली, "रुखवतात मी एकच वस्तू ठेवीन. टेबलक्लॉथ. आणि मग उलटू दे त्यांना काय उलटायचं ते."

टेबलक्लॉथ कशासाठी, तर ताईच्या सासरी चार खुर्च्यांचं जेवायचं टेबल होतं. आमच्याकडे टेबलच नव्हतं, आम्ही पाटावर जेवायचो. मग माप कुठून आणायचं? बाबा पुढच्या भेटीत तिथे गेले आणि सगळे बोलत असताना टेबलावर हळूच वीत टाकत बसले. व्याही म्हणाले, "काही हवंय का?" बाबा म्हणाले, "नाही नाही, लाकूड छान आहे." घरी आल्यावर त्यांनी खडूने पुढच्या खोलीच्या लादीवर टेबल काढलं. चांगलं चौकोनी, आणि चारी बाजूंना वीतभर झालर सोडून दुसरी रेघ. पुढचे तीन महिने आम्ही त्या खडूच्या टेबलाला वळसा घालून चालत होतो. केर काढताना ते पुसलं की बाबा पुन्हा काढायचे.

आईने मधून सुरुवात केली. दुपारच्या आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या मधल्या वेळात, कधी कुकरची शिट्टी होईपर्यंत, कधी नळाला पाणी यायची वाट बघताना, ती दोन दोन ओळी पुढे सरकायची. मधल्या फुलाभोवती चौकोनाचे फेर वाढत गेले. गुंडा स्टीलच्या डब्यात ठेवलेला असायचा, म्हणजे तो घरभर पळत नाही. ती ओढायची तसा तो आत टणटण वाजायचा. चैत्र संपेपर्यंत चौकोन खडूच्या टेबलाच्या निम्म्यावर आला होता.

आणि मग आई गच्चीच्या जिन्यात पडली. कुरडयांचा चीक पातेल्यात घेऊन वर चालली होती. पातेलं सावरायला गेली आणि उजव्या मनगटावर आली. कुरडयांचा चीक तीन पायऱ्या उतरून आला. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे म्हणाले. लग्नाला पाच आठवडे होते.

आईने आधी डाव्या हातात सुई धरून बघितली. तिचे डोळे भरून आले ते मी पहिल्यांदा बघितले. दुखण्याने नव्हते आले. दोन दिवस टेबलक्लॉथ उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर पडून होता. तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून तो काढला. बारावीची परीक्षा होऊन गेली होती, निकाल जूनमध्ये लागणार होता, आणि मला दुसरं कामच नव्हतं. ताई म्हणाली, "ए, तू नको ना यार. वाट लागेल त्याची." मी तशीच आईपुढे जाऊन बसले.

आई बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "आधी हात धू."

त्या उन्हाळ्यात मी जे शिकले त्यावर मी आजवर जगलेय म्हटलं तरी चालेल. माझा हात आवळ, आईचा सैल. म्हणून तिने मला एक नंबर मोठी सुई घ्यायला लावली, म्हणजे माझे खांब तिच्या खांबांच्या उंचीला येतील. पहिला जोड घ्यायची वेळ आली तेव्हा मी सवयीने गाठ मारायला गेले.

"गाठ कोण मारता?" आई म्हणाली. "जेका घाई आसता तो."

जोड असा घ्यायचा. खांब पुरा करायचा नाही. सुईवर शेवटचे दोन वेढे राहिले की जुना दोरा सोडायचा आणि नव्या दोऱ्याने ते वेढे ओढून घ्यायचे. दोन्ही टोकं चार बोटं लांब ठेवायची, पंजाची चार बोटं जोडून मापायची. मग ती ओळीच्या डोक्यावर आडवी धरून पुढचे टाके त्यांच्यावरूनच घालायचे, म्हणजे टोकं टाक्यांच्या पोटात जातात. तेवढ्याने भागत नाही. नंतर बोथट सुईत एकेक टोक ओवायचं, टाक्यांच्या पाठीमागून एका दिशेने न्यायचं, एक टाका सोडून वळायचं आणि त्याच वाटेने परत आणायचं. मग कापड उभं, आडवं, तिरकं ओढून बघायचं. शेपटी हलली नाही तरच कात्री लावायची. "चार बोटं," आई पुन्हा पुन्हा म्हणायची. "कमी ठेवलीस तर ती कधीतरी बाहेर येणारच." आणि ज्या दिवसाची शेपटी त्या दिवशी. उद्यावर टाकायची नाही.

सकाळी पाणी भरून झालं की मी बसायचे. बाहेर भाजीवाला ओरडत जायचा, दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायचा, डोंगरावरच्या बायका पानाच्या द्रोणांत करवंदं घेऊन रस्त्यावर यायच्या. मी करवंदं खात नव्हते, बोटं जांभळी होतील म्हणून. अठराव्या वर्षी मे महिना करवंदांशिवाय काढला, याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी. ऊन नको म्हणून खिडक्या लावून, आतल्या खोलीत ट्यूबलाईटखाली विणत होते. आई शेजारी बसायची. प्लास्टरमधून बाहेर आलेली तिची बोटं माझ्या बोटांबरोबर हवेत हलायची.

नऊ फेर झाले. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की एका सकाळी मी टेबलक्लॉथ गॅलरीच्या कठड्यावर पसरला. शेजारच्या मंजुबेन पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि मनापासून म्हणाल्या, "नंदा, हे दोन कलरवाला डिझाईन आहे काय? सारू लागते, हां."

मी बघितलं. मधला चौकोन सायीच्या रंगाचा होता. त्याच्याभोवती माझे नऊ फेर निळसर पांढरे, नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखे. बाजारातल्या दुकानातून मी त्याच नंबरचे गुंडे आणले होते, कागदावरचं नावही तेच होतं. रंगाचा घाणा, म्हणजे एका वेळी रंगवलेला माल, मात्र वेगळा. ट्यूबलाईटमध्ये दोन्ही पांढरेच दिसत होते. आई कुठे संपली आणि मी कुठे सुरू झाले ते आता समोरच्या बिल्डिंगमधूनही दिसलं असतं.

आई बाहेर आली. तिने बघितलं.

"उसव," ती म्हणाली.

माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एकदा केलेलं काम पुन्हा केलं नव्हतं. "आई, लग्नाच्या हॉलमध्ये ट्यूबलाईटच असतात गं," मी म्हटलं. "नाही दिसणार. किती दिवस राहिलेत बघ ना."

"हॉलात दिसाचा नाय," आई म्हणाली. "शुभाच्या घरात खिडकी आसा."

मी रडत रडत उसवलं, हे कबूल करते. नऊ फेर उसवायला एक दुपार पुरली. आईने ताईला कपाटातला पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात जुन्या दोऱ्याचे दोन गुंडे होते. काठाची शेवटची नक्षी त्याच सायीच्या रंगात करायची म्हणून तिने ते सुरुवातीलाच बाजूला ठेवले होते. तिने ते माझ्या मांडीवर टाकले. म्हणाली, एक फेर जुन्याचा घाल, एक नव्याचा. मग एक जुन्याचा, दोन नव्याचे. मग एक जुन्याचा, तीन नव्याचे. असा जुना संपू दे. काठ नव्याचाच होईल, होऊ दे.

रंग असा हळूहळू बदलला असता, मान्य. पण आधी नऊ फेरांत मोजून तीन जोड होते. आता दर एक-दोन फेरांनी दोरा बदलायचा, म्हणजे दर बदलाला दोन शेपट्या. शिवाय मधे गुंडे संपणार त्यांच्या वेगळ्या. एक जोड लपवायचा म्हणून मला पन्नासच्या वर शेपट्या जिरवायच्या होत्या, आणि हातात साडेतीन आठवडे होते.

मी त्या सगळ्या जिरवल्या. कशा, ते सांगताना आजही माझी पाठ ताठ होते. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आई टेबलक्लॉथ उलटा करून मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची आणि डाव्या हाताची बोटं दिवसभराच्या कामावरून फिरवायची. जिथे बोट थांबलं तिथे मी टाचणी लावायची आणि सकाळी तो जोड पुन्हा घ्यायचा. पहिल्या संध्याकाळी तिचं बोट पाच ठिकाणी थांबलं. आठवड्याने दोन ठिकाणी. मला त्या बोटांची धास्ती वाटायची, बारावीच्या कुठल्याही पेपरची वाटली नव्हती तेवढी. आणि एका संध्याकाळी ती बोटं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली, वळून परत आली, आणि कुठेही थांबली नाहीत. आईने डोळे उघडले. म्हणाली, "चहा टाक."

मी चहा टाकला. चहाचं आधण बघत मी ओट्याशी एकटीच हसत उभी होते. त्यानंतर मला नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. त्या चहाची सर कशालाच आली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी खडूचं टेबल शेवटचं काढलं आणि त्यावर टेबलक्लॉथ अंथरला. झालर दुसऱ्या रेघेला बरोबर टेकली. बाबा खाली बसून चारी कोपरे बघून आले आणि म्हणाले, "आता पुसू का हे टेबल?"

लग्न मुलुंडातच होतं. रुखवताच्या टेबलांवर शंकरपाळ्यांचं घर होतं, डाळींचं तुळशीवृंदावन होतं, लाडवांचे मनोरे होते. मधोमध आमचा टेबलक्लॉथ, वर काहीही न ठेवता. आत्याबाई आल्या तेव्हा मी आईच्या शेजारी उभी होते. ताई लांब नवरीच्या खोलीच्या दारात, मुंडावळ्या बाजूला सारून इकडेच बघत होती. बाबा आचाऱ्याला काहीतरी विचारत होते, पण त्यांचं त्याच्या उत्तराकडे लक्ष नव्हतं.

आत्याबाईंनी चष्मा चढवला. कोपरा उचलला, उलटा केला. अंगठ्याचं नख फेरावरून फिरवत नेलं. दुसरा कोपरा उचलला. मग त्यांनी अख्खा टेबलक्लॉथ पालथा घातला आणि त्यावर वाकल्या. 

"जोड कुठे घेतलेत?" त्यांनी विचारलं. "एवढ्या कामाला दोरे बरेच लागले असतील."

"मधलं माझं आहे," आई म्हणाली आणि प्लास्टरचा हात जरा वर केला. "पुढे हे झालं. बाहेरचं सगळं हिने केलंय, नंदाने."

"कुठून पुढे?"

आई दाखवायला वाकली. डाव्या हाताची बोटं मधल्या फुलापासून बाहेर निघाली, थांबली, मागे आली, पुन्हा बाहेर गेली. तिने कापड उजेडाकडे धरलं. परत खाली ठेवलं. "हयसरच खंयतरी असतलो," ती पुटपुटली, आणि मग त्या भरल्या हॉलमध्ये मोठ्याने म्हणाली, "खंय गेलो गो, नंदे?"

आई मालवणीत शिरली होती आणि रागावलेली नव्हती. मला ठाऊक होतं जोड कुठे आहे. मी सांगितलं नाही.

आत्याबाई हसल्या. त्यांनी माझा उजवा हात हातात घेऊन बोटं बघितली, बाजारात भेंडी बघतात तशी. मग आईला म्हणाल्या, "साखरपुड्याला तुमच्या हातून एक टोक राहिलं होतं, आठवतं? लेक तुमच्या पुढे गेली हो."

मी तोंड उघडलं. तो रुमाल माझा होता, हे सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. आईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"गेली खरी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही. तो नंतरही कधी फुटला नाही. आत्याबाई गेल्या, बारा वर्षांपूर्वी आई गेली, आणि तो रुमाल आईच्याच नावावर राहिला.

आता त्या शेपटीकडे येते.

उलट्या अंथरलेल्या टेबलक्लॉथवर ती अगदी मधे होती, फुलापासून पाचव्या फेरावर. मी तिथे कधी टाकाही घातला नव्हता. माझं काम त्याच्या कितीतरी बाहेर सुरू होतं. मी तिच्यावर चार बोटं ठेवून बघितली. जेमतेम दोन भरली. आईने दोनच बोटं ठेवली होती. साखरपुडा नुकताच होऊन गेला होता, मनात ते "घाईत झालेला दिसतोय" घोळत असणार, कुकरची शिट्टी होत आली असणार. चाळीस वर्षं टेबलावर ताटं सरकली, मुलांनी कोपरे ओढले, ताईने दर दिवाळीला तो धुतला, तेव्हा कुठे ती बाहेर आली. मला हसू आलं आणि रडूही आलं. आई, तुलासुद्धा घाई झाली होती.

मी उठले, हात साबणाने धुतले, कोरडे केले. पावडर घरात नव्हती, ती शेजारून मागून आणली. इतकी तोकडी शेपटी सुईत ओवून पुढे नेता येत नाही. अशा वेळी आधी रिकामी सुई टाक्यांच्या पाठीतून घालायची, तिचं नेढं शेपटीपाशी आणायचं, तिथे टोक ओवायचं आणि मग सुई ओढून घ्यायची. हे मला आईने शिकवलं नव्हतं, माझं मी शोधलंय. एका दिशेने नेली, एक टाका सोडून वळवली, परत आणली. उभं ओढलं, आडवं ओढलं, तिरकं ओढलं. मग डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"मिळालं का गं कुरियर? बघितलंस?"

"बघितलं. झालं पण करून."

"एवढ्यात? मग कुणाची होती ती? तुझीच ना?"

खिडकीबाहेर डोंगर अजून तापलेला होता. टेबलक्लॉथ घडी घालून माझ्या मांडीवर होता, उलटी बाजू वर.

"मी म्हटलं नव्हतं?" माझ्या उत्तराची वाट न बघता ताई हसायला लागली. "एका बाहीचा स्वेटर! आईची कधी बघितलीस अशी वर आलेली?"

"हो गं, माझीच," मी म्हटलं. "माझ्याच हातून राहिलं ते."